लाकडी जमीन घासण्याआधी : वाचकांचे प्रश्न

जुन्या लाकडी जमिनीबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी आढळते. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, भाड्याने आणायचा दिवस आधीच ठरलेला असतो, आणि फळी कुठे हलते, खिळा कुठे वर आलाय, याकडे त्या दिवशी सकाळी लक्ष जातं. यंत्राची पाळी या कामात जवळजवळ शेवटी येते. उत्तरं त्याच क्रमाने लावली आहेत. ज्यांचं घासून झालंय त्यांनी सरळ पुढच्या प्रश्नांकडे जावं.

प्रश्न : कार्पेट उचललं तर खाली जुन्या फळ्या निघाल्या. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच, अशा एकमेकींत अडकवलेल्या आहेत. पॉलिश काळवंडलंय. यंत्राने घासण्याइतकं लाकूड उरलंय का, हे फळी न उचलता कळेल का?

कळेल. एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि दोन फळ्यांमधल्या फटीत उभं खुपसा. ते जिभेवर जाऊन अडेल. फळीच्या वरच्या पातळीला पेन्सिलने खूण करा, कार्ड बाहेर काढा आणि मोजा. तेवढंच लाकूड तुमच्या हातात आहे. फळी २० मि.मी. जाडीची असली तरी जिभेखालचा भाग घासण्याच्या हिशेबात धरायचा नाही, कारण खाचेवरचा ओठ पातळ झाला की टाचेच्या दाबाने चिरतो आणि कडेच्या लांब ढलप्या निघायला लागतात. नव्या फळीत हे माप साधारण ६ ते ८ मि.मी. असतं. भरड, म्हणजे लहान नंबरच्या, सँडपेपरपासून पूर्ण घासणी केली की १ मि.मी.च्या आसपास लाकूड जातं, फळ्या वाकलेल्या असतील तर जास्त.

कार्डावर ४ मि.मी. किंवा त्याहून जास्त आलं तर घासायला हरकत नाही. ३ मि.मी.च्या खाली असेल तर ड्रम सँडर (फिरत्या ड्रमवर पेपर गुंडाळलेलं मोठं यंत्र) घरात आणू नका, हातातल्या ऑर्बिटल सँडरवर ८० नंबरचा पेपर लावून जेवढं निघेल तेवढ्यावर समाधान माना. चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा माना. तो बहुधा दारापाशी सापडतो.

मुळात घासणं लागतंय का, हेही बघा. वर्दळीच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. तो मण्यासारखा उभा राहिला तर जुना लेप शाबूत आहे. मिनिटभरात लाकूड काळपट होऊन थेंब आत गेला तर तिथला लेप संपलाय. थेंब सगळीकडे उभा राहत असेल आणि जमीन नुसती निस्तेज दिसत असेल, तर जुना लेप १५० नंबरच्या पेपरने जेमतेम खरवडून त्यावर नवीन एक-दोन हात देता येतात. अर्थात खाली मेण नसेल तर. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी कोपऱ्यात घासा. चिंधीवर पिवळट, चिकट थर आला तर मेण आहे, आणि मेणावर कुठलंही व्हार्निश धरत नाही.

प्रश्न : खोलीत चालताना सात-आठ ठिकाणी फळ्या करकरतात. नवीन खिळे ठोकले. महिनाभर गप्प होत्या, परत बोलायला लागल्या. काय चुकलं?

खिळ्याची पकडच तशी. लाकूड आटलं की फळी आणि खालची तुळई यांच्यात बारीक पोकळी राहते. पाय पडला की फळी खाली जाते, उचलला की वर येते, आणि खिळ्याच्या दांड्यावर घासून आवाज करते. नवीन खिळा ठोकला तरी तो त्याच हालचालीने काही दिवसांत सैल होतो. इथे स्क्रूच हवा. पण स्क्रूही चुकीचा मारला तर काही उपयोग होत नाही, आणि बहुतेक जण तो चुकीचाच मारतात.

एकाने चालायचं, दुसऱ्याने खाली बसून आवाजाच्या जागी खडूची खूण करायची. जुन्या खिळ्यांची रांग दिसते, ती तुळईची रेघ. नवीन स्क्रू जुन्या खिळ्यापासून दोन सें.मी.च्या आतच घ्या. यामागचं कारण लाकडाचं नाही. जुन्या घरांत पाण्याचे आणि गॅसचे नळ, कधी विजेच्या तारा, तुळईच्या माथ्यावर खाच पाडून आडव्या नेलेल्या असतात. जिथून खिळा इतकी वर्षं सुखरूप गेलाय, तिथे धोका सर्वांत कमी. तरीही नळ आणि तारा दाखवणारा डिटेक्टर आधी फिरवा.

आता भोकं. २० मि.मी.च्या फळीला ५० मि.मी. लांबीचा, ४.५ मि.मी. जाडीचा स्क्रू पुरतो. फळीतलं भोक ५ मि.मी.चं पाडा, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जाईल. त्याच्या खाली तुळईत ३ मि.मी.चं. फळीत सैल भोक का? स्क्रूच्या आट्या फळीतही आणि तुळईतही धरल्या तर दोघींमधली पोकळी जशीच्या तशी राहते. स्क्रू कितीही पिळला तरी फळी खाली ओढली जात नाही, करकर चालूच. सैल भोकामुळे स्क्रूचं डोकं फळीला दाबतं आणि आट्या फक्त तुळईत धरतात. घट्ट करताना कुणालातरी त्या फळीवर उभं करा. डोकं ३ मि.मी. आत बसेल एवढी खळगी आधीच काढा, नाहीतर सँडरचा पेपर त्याच डोक्यावर फाटेल.

आवाज तुळईवर न येता दोन फळ्यांच्या मध्ये येत असेल, तर तो जीभ खाचेत घासल्याचा आहे. टाल्कम किंवा ग्रॅफाइटची पूड फटीत भरून वर चाललं की तो काही महिने जातो. हा उपाय टिकत नाही, पण जमीन उचकटण्यापेक्षा बरा. खालून हात पोहोचत असेल तर फळी आणि तुळईमध्ये पातळ पाचर गोंद लावून सरकवा, हलकी. ठोकून घातलेली पाचर फळी वर उचलते आणि शेजारी नवीन आवाज सुरू होतो.

उरलेले सगळे खिळे सुंब्याने (खिळ्याचं डोकं आत ठोकायच्या दांड्याने) ३ मि.मी. खाली बसवा. भरड पेपरचा पहिला फेरा झाला की गुडघ्यावर बसून पुन्हा सगळ्या रांगा हाताने तपासा, कारण मिलिमीटरभर लाकूड गेल्यावर काही डोकी परत वर डोकावतात.

प्रश्न : फळ्यांमध्ये २ ते ७ मि.मी.च्या फटी आहेत. भुसा आणि गोंद कालवून भरल्या, वर्षात अर्ध्या निघून आल्या. टिकाऊ उपाय काय?

तुमचं भरणं वाईट होतं असं नाही, फटी हलत्या आहेत. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं आणि फुगतं. १५० मि.मी. रुंदीची पाइनची फळी, लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की साधारण १ ते दीड मि.मी. कमी-जास्त होते. म्हणजे कोरड्या दिवसांत ५ मि.मी. असलेली फट दमट दिवसांत साडेतीन होते. तिच्यात दगडासारखं कडक काही भरलं तर दमट दिवसांत फळी त्याला चिरडते, आणि कोरड्या दिवसांत तोच चिरडलेला लगदा खुळखुळून बाहेर येतो.

३ मि.मी.पेक्षा मोठ्या फटींना लाकडाच्या पट्ट्याच बसवा. लाकूड शक्यतो त्याच जातीचं आणि त्याच वयाचं घ्या. जिन्याखालची किंवा कपाटातली एखादी फळी उचलून तिच्या पट्ट्या काढल्या तर रंग आपोआप जुळतो. पट्टी पाचरीसारखी उतरती कापायची. ६ मि.मी.च्या फटीसाठी वरची कड ७, खालची ५, उंची १२ मि.मी. गोंद पट्टीच्या एकाच बाजूला लावा. दोन्ही बाजूंना लावला तर दोन फळ्यांची मिळून एक रुंद फळी होते. मग आटताना सगळा ताण एकतर शेजारच्या फटीवर जातो आणि ती दुप्पट रुंद होते, नाहीतर फळीच मधोमध तडकते. एका बाजूला चिकटलेली पट्टी आपल्या फळीबरोबर हलते, पलीकडे केसाएवढी फट उघडते आणि मिटते. ती दिसते, पण सलत नाही.

पट्टी मोगरीने हलकेच ठोका. जमिनीच्या पातळीवर १-२ मि.मी. उभी राहील तेवढीच ठेवा. दुसऱ्या दिवशी पटाशीने किंवा छोट्या रंध्याने सपाट करा. रंधा कुठल्या बाजूने चालवायचा ते पट्टीच्या रेषांचा कल पाहून ठरवा. उलट्या बाजूने चालवला तर पट्टी फळीच्या पातळीखाली उकलते, आणि ती परत काढण्यात अर्धा तास जातो. २० चौरस मीटरच्या खोलीत शंभर मीटरच्या वर पट्टी सहज लागते, तेव्हा शनिवार-रविवारात सगळ्या फटी होतील अशा भ्रमात राहू नका.

फटी भरायच्या त्या ना अगदी कोरड्या दिवसांत, ना अगदी दमट. कोरड्यात ठासून भरल्या तर फुगायला जागा उरत नाही, फळ्या कडांनी उचलल्या जातात. दमटात भरल्या तर पुढे पुन्हा उघडतात.

३ मि.मी.च्या खालच्या फटींना भुसा चालेल, पण गोंदात कालवून नाही. पांढऱ्या गोंदाची लुकण तेल किंवा पॉलिश शोषत नाही, म्हणून तिथे फिकट, मेणचट डाग उमटतात. लाकूड भरण्यासाठी मिळणारं रेझिनचं द्रावण घ्या आणि त्यात ८० नंबरच्या किंवा त्याहून बारीक पेपरचा भुसा घाला, त्याच जमिनीचा. भरड पेपरचा भुसा काथ्यासारखा असतो, धरत नाही. आणि १ मि.मी.च्या फटी सोडून द्या. त्या भरल्यामुळे जमीन नवी दिसते, चांगली दिसेलच असं नाही.

तळमजल्याची जमीन जमिनीपासून उचललेली असेल आणि वाऱ्यासाठी भिंतीत झरोके असतील, तर फटी भरा पण झरोके बुजवू नका. खाली हवा खेळली नाही तर तुळयांच्या टोकांत ओल साठते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की कुजवणारी बुरशी धरते.

प्रश्न : एका कोपऱ्यात फळी मऊ लागते, शेजारच्या फळीला बारीक भोकं आहेत. ती वाळवी आहे का? फक्त तेवढा तुकडा बदलता येईल?

मऊ जागी टोकदार पटाशी दाबा. ती सहज ५ मि.मी. किंवा जास्त शिरली तर फळी गेली. त्याआधी ओल कुठून आली ते शोधा. नळ, गळका कोपरा, भिंतीतली ओल यांपैकी काहीतरी असतंच. कारण तसंच ठेवून घातलेली नवी फळीही त्याच वाटेने जाईल.

१ ते २ मि.मी.ची गोल भोकं हे वाळवीचं लक्षण नाही, ती भुंगेऱ्यांची असतात. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे, हे पाहायला त्यावर पातळ कागद चिकटवून तारीख लिहा. काही आठवड्यांनी कागदाला भोक पडलं किंवा खाली ताजी, फिकट पूड दिसली तर किडा जिवंत आहे. बोरेटचं द्रावण उघड्या लाकडावर, म्हणजे घासल्यानंतर आणि लेपाआधी, पाजा. पॉलिशवर मारलेलं औषध आत पोहोचत नाही. वाळवीत मात्र वरचा पापुद्रा शाबूत राहून आतली फळी मातीने भरलेल्या पोकळीची होते, तिथे वाळवीचं काम करणारा माणूस बोलवा.

तुकडा बदलण्यासाठी कापायची रेघ तुळईच्या कडेला लागून आखा. गोल करवतीचं पातं फळीच्या जाडीइतकंच खाली सोडा, जाडी माहीत नसेल तर आधी एक भोक पाडून मोजा. खाली तारा असू शकतात. शेवटचे दोन सें.मी. हातकरवतीने कापा. तुळईच्या बाजूला ४५ × ४५ मि.मी.ची पट्टी दोन-तीन स्क्रूंनी पक्की बसवा, नव्या फळीचं टोक तिच्यावर टेकेल. जीभ-खाचेची फळी वरून बसावी म्हणून तिच्या खाचेचा खालचा ओठ पटाशीने उडवायचा. नवीन फळी आणल्या दिवशी ठोकू नका, आठवडा-दोन आठवडे त्याच खोलीत मोकळी पडू द्या. जाडीत मिलिमीटरभर जास्त चालेल, कमी अजिबात नको. जास्तीचं सँडर काढतो, पण खोलगट फळीपायी सगळी खोली खाली घासावी लागते.

प्रश्न : काही भागात जुना रंग आहे, एका बाजूला काळा डांबरी गोंद. दोन्ही सँडरने निघतील ना?

निघतील, पण काढू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडी घासणी ते बारीक धुळीच्या रूपाने घरभर पसरवते. याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना आणि गर्भवतींना होतो. चाचणीचे किट मिळतात. आधी रंगाला सगळ्या थरांपर्यंत छेद द्या आणि मग तपासा, कारण शिसं बहुधा खालच्या थरात असतं. निघालं तर जेलसारखं रंग काढणारं रसायन लावून ओलंच खरवडा. काळ्या गोंदात आणि त्यावरच्या जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज) असण्याची शक्यता असते. त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खरवडणंही नको. यात घाई केलेली परवडत नाही.

प्रश्न : ड्रम सँडरने घासलं. जमीन कोरडी असताना छान दिसत होती, पहिला हात दिल्यावर आडव्या लाटा, भिंतीपाशी गोल ओरखडे आणि एका जागी चक्क खड्डा दिसला. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल?

या तीन दोषांची कारणं वेगवेगळी आहेत.

खड्डा म्हणजे यंत्र थांबलं आणि ड्रम फिरत राहिला. ४० नंबरच्या पेपरला अर्धा सेकंद पुरतो. चालायला सुरुवात करायची, मग ड्रम टेकवायचा, आणि थांबण्याआधी ड्रम उचलायचा. विमान धावपट्टीला टेकतं तसा उतरवायचा, आदळायचा नाही. यंत्र हाती आलं की आधी प्लायच्या तुकड्यावर पाच मिनिटं हाच सराव करा. खड्डा खोल असेल तर फक्त तेवढी जागा घासून तो जात नाही, तो रुंद होतो. आजूबाजूच्या मीटर-दीड मीटरमधून उतार विरवत आणावा लागतो.

आडव्या, सारख्या अंतरावरच्या लाटा यंत्राच्या असतात. पेपर ड्रमवर सैल बसलेला असणं, त्याचा जोड वर आलेला असणं, किंवा चाकांना जुना लेप चिकटलेला असणं, यांपैकी काहीतरी. पेपर बदलताना प्लग काढायचाच, त्याच वेळी चाकंही पुसा. लाटा घालवायला फळ्यांना १० ते १५ अंशांच्या कोनात ६० नंबरचा एक फेरा मारा, मग सरळ ८० आणि १००. सरळच घासत राहिलात तर ड्रम त्याच लाटांवरून वर-खाली होत जातो आणि त्या अधिकच पक्क्या होतात.

गोल ओरखडे कडेच्या सँडरचे, म्हणजे भिंतीलगत चालवायच्या छोट्या यंत्राचे. लोक ड्रमला ४०, ६०, ८०, १०० असा क्रम पाळतात आणि कडेला ४० नंतर थेट १०० लावतात. ४० नंबरची चर १०० नंबरच्या पेपरने भरून येत नाही, नुसती चकचकीत होते, आणि लेप बसला की आरशासारखी उजळून दिसते. प्रत्येक नंबर ड्रमला लावलात की तोच कडेला लावा, मग पुढचा. मध्ये व्हॅक्यूमने जमीन साफ करा, नाहीतर ४० नंबरचा सुटलेला एक खडा १०० च्या पेपरखाली फिरून नवीन ओरखडे काढतो. कोपरे यंत्राला जमत नाहीत. तिथे धारदार खरवडणी आणि हात.

दोष लेपाआधीच दिसावा यासाठी दोन युक्त्या. प्रत्येक नंबराच्या आधी सगळ्या जमिनीवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा. सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर पुरा झाला. आणि खोलीतले दिवे बंद करून हातातला टॉर्च जमिनीवर जवळजवळ आडवा ठेवा. उभ्या उजेडात जे लपतं ते आडव्या उजेडात ओरडून सांगतं.

पुन्हा सुरू करायचं झालं तर ६० पासून करा, ४० पासून नको. घासणीच्या हिशेबातलं लाकूड परत येत नाही. फळ्या कडांना उचलून वाटीसारख्या झाल्या असतील तरच भरड पेपर, आणि तोही फळ्यांना ४५ अंशांत. फार बारीकही जाऊ नका. व्हार्निशसाठी १०० ते १२० पुरे. तेलाच्या जमिनीवर १५० च्या पुढे गेलात तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की तेल आत जात नाही.

भुशाची पिशवी एक तृतीयांश भरली की बाहेर नेऊन धातूच्या डब्यात रिकामी करा, आणि रात्री घरात तर ठेवूच नका. खिळ्यावर पेपर घासला की ठिणगी भुशात जाते, आणि भुसा आत तासन्‌तास धुमसत राहू शकतो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक गटात आहे. नाका-तोंडावर रुमाल बांधून चालत नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ दर्जाचा किंवा त्याहून वरचा मास्क हवा. कानांनाही झाकणी हवीत.

प्रश्न : घासल्यावरही ओकच्या फळ्यांवर कुंडीखाली काळी वर्तुळं राहिली. आणखी घासू?

नको. पांढरट वर्तुळ लेपात असतं, ते घासून जातं. काळं लाकडात असतं. ओकमधलं टॅनिन (तुरट द्रव्य), पाणी आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो, आणि तो फळीत बराच खोल उतरू शकतो. ऑक्झॅलिक ॲसिड हा त्यावर नेमका उपाय आहे. एक लिटर गरम पाण्यात ६० ते ८० ग्रॅम विरघळवा. हातमोजे आणि चष्मा लागेल, हे विषारी आहे. द्रावण फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट वर्तुळ उरेल. अर्ध्या-एक तासात डाग फिका पडतो, हट्टी असेल तर पुन्हा लावा. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि दोन दिवस पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर उरलेले पांढरे कण झाडू नका, घासूही नका, ओल्या फडक्यानेच उचला. ते श्वासात गेले तर घसा आणि छाती जळते. शेवटी १०० नंबरचा पेपर हलका फिरवा, कारण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतात.

याच कारणाने ओकवर पाण्याच्या व्हार्निशच्या दोन हातांमध्ये स्टील वूल (पोलादी तंतूंचा बोळा) वापरू नये. तुटलेला एकेक तंतू पाण्यात गंजतो आणि जमिनीवर काळे ठिपके सोडतो. प्राण्याच्या मुत्राचे काळे डाग ऑक्झॅलिकने कमी होतात, जातीलच असं नाही. खोल गेलेले असतील तर फळी बदलणं स्वस्त पडतं.

प्रश्न : तेल लावू की पॉलियुरेथेन (वर कडक थर धरणारं व्हार्निश)? आणि सागवानावर पॉलियुरेथेनचे पापुद्रे का निघाले?

वर्दळ खूप, पुसण्याची सवय ओल्या पोछ्याची, दर दोन-तीन वर्षांनी जमिनीकडे बघण्याचा कंटाळा, असं असेल तर पॉलियुरेथेन. एखादा ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता यावी असं वाटत असेल तर मेणमिश्रित तेल. आमचा कल जुन्या, फटी असलेल्या जमिनीसाठी तेलाकडे आहे. हलणाऱ्या फळ्यांच्या कडांवर कडक लेप कधीतरी चिरतोच, आणि मग तेवढाच भाग नीट करता येत नाही.

पाण्याचं पॉलियुरेथेन एका लिटरमध्ये सुमारे १० चौरस मीटर जातं. १६ चौरस मीटरच्या खोलीला तीन हात म्हणजे पावणेपाच-पाच लिटर. दोन हातांमध्ये ३ ते ४ तास. पहिल्या हाताने तंतू उभे राहतात, म्हणून त्यानंतर २२० नंबरचा पेपर हलकेच. रोलर ओला असेतोवर कड जोडत जा. वाळत आलेल्या कडेवर परत फिरलात की पट्टा दिसतो. तेलाधारित पॉलियुरेथेनमध्ये रात्रभराचं अंतर लागतं आणि ते पिवळं पडतं. लाकूड उबदार दिसावं असं वाटत असेल तर तो दोष नाही. मेणमिश्रित तेल मात्र पातळ हवं. एका लिटरमध्ये २० चौरस मीटरच्या आसपास गेलं पाहिजे, जुनं कोरडं लाकूड पहिल्या हाताला थोडं जास्त पितं. लाकडाने शोषलं नाही ते पंधरा-वीस मिनिटांत फडक्याने उचला. तसंच राहिलं तर आठवडाभर चिकट राहतं. जास्तीचं तेल म्हणजे जास्तीचं संरक्षण, हा समज लोकांच्या मनातून जातच नाही.

सागवानात मुळातच तेल असतं, ते पृष्ठभागावर येतं आणि लेपाला चिकटू देत नाही. शेवटच्या घासणीनंतर धूळ काढून ॲसिटोनने फळ्या पुसा, खिडक्या उघड्या आणि आजूबाजूला ज्योत नाही अशा वेळी. ॲसिटोन उडाल्यावर तासा-दोन तासांत पहिला हात द्या. रात्रभर थांबलात तर तेल परत वर येतं. एरवी पापुद्रे निघण्याचं दुसरं कारण म्हणजे दोन हातांमध्ये न खरवडणं, आणि तिसरं म्हणजे फटीत राहिलेलं जुनं मेण. फटींच्या काठाने माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडले असतील तर दोष मेणाचा.

प्रश्न : तेल लावलेल्या चिंध्यांचं काय करायचं? आणि सामान कधी परत आणू?

जवसाच्या किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाची चिंधी गोळा करून टाकली तर ती स्वतःहून पेट घेऊ शकते. तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि गोळ्याच्या पोटातून ती बाहेर पडू शकत नाही. चिंध्या बाहेर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. सँडरवर तेलाचा पॅड वापरला असेल तर त्याचंही तेच.

पाण्याच्या लेपावर दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येतं, फर्निचर तीन-चार दिवसांनी, उचलून ठेवायचं, सरकवायचं नाही. गालिचा मात्र दोन आठवडे नको. तेलाधारित लेपाला पुरतं मुरायला महिनाभर लागतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टची गोल टिकली लावा, आणि त्यात खडा अडकलाय का ते अधूनमधून उलटं करून बघा.